‘म्हणतात’ची बंदूक

ठासणीमामांनी तरुणपणी एका माणसाला बंदुकीने उडवलं होतं, हे गल्लीत पक्कं ठरलेलं आहे. का उडवलं, यावर मात्र मतभेद आहेत. न्हावी म्हणतो, जागेच्या भांडणातून. इस्त्रीवाला म्हणतो, छे, प्रेमाचं लफडं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या मते माणसं दोन होती, आणि दुसरा बिचारा नुसता मध्ये आला. पुरावा म्हणून सगळे मामांच्या डाव्या हाताकडे बोट दाखवतात, कारण त्या हाताची करंगळी अर्धीच आहे. शिवाय त्यांच्या खोलीच्या खिडकीला जाड गज, दाराला तीन कुलपं, आणि माणूस बघावा तेव्हा कपाळावर आठ्या घेऊन हिंडतोय. खून पचवलेल्या माणसाचं तोंड याहून वेगळं काय असणार?

आता खरं काय ते. मामांनी आयुष्यात एकही गोळी झाडलेली नाही. मामांना आवाजाची भीती वाटते. साधी नाही, चांगली दणदणीत. कुणाच्या वाढदिवसाला गेले की पहिला फुगा फुटायच्या आत जिन्यात जाऊन बसतात आणि केक तिथेच मागवतात. कुकरची शिट्टी होणार अशी नुसती शंका आली की बोलता बोलता त्यांचे खांदे कानापर्यंत चढतात. शिट्टी होते, खांदे उतरतात, आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू. आणि करंगळी? ती घडीच्या खाटेत गेली. खाट त्यांच्या ताईची, घडी घालणारीही ताईच. या विषयावर ताईचं म्हणणं आजही एवढंच आहे: “ऐकून घे. खाट आपली घडी होत होती. बोट तू मध्ये घातलंस.”

मामांचा धंदा मात्र बंदुकांचाच. जुन्या बंदुका बघून ते त्यांचं वय सांगतात आणि किंमत सांगतात. कुणाच्या आजोबांच्या ट्रंकेत निघालेली असो, कुणा हौशी माणसाने भिंतीवर लावायला विकत घेतलेली असो, शेवटी ती मामांच्या टेबलावर येते. टेबल एका किल्लीवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत आहे. त्यावर एक भिंग, एक विजेरी, लोहचुंबक, आणि कुठल्याही स्क्रूला बसेल असा पेचकसांचा एक खानदानी संच. ठासणीमामा हे नाव त्यांना धंद्यामुळेच पडलं. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या तोंडातून दारू आणि गोळी घालून लांब गजाने ठासून बसवायची, ती जुन्या काळची. मामा बोलतातही तसंच. शब्द एकेक करून आत भरतात, ठासतात, परत ठासतात, आणि मग बराच वेळ बार उडतच नाही.

फोनवर तर ऐकावंच. एकदा भर बसमध्ये ओरडत होते, “हॅलो? घोडा पाठवा! नळी राहू द्या, घोडा पाठवा! ... नाही हो, मेलेला चालेल! ... अहो, पिशवीत घालून!” शेजारच्या सीटवरच्या बाई उठून पुढे जाऊन उभ्या राहिल्या. बंदुकीचा घोडा म्हणजे चाप ओढला की जो पुढे आपटतो तो लोखंडी तुकडा, हे बाईंना कोण सांगणार? मामा सांगायला गेले असते तर बाईंचं उतरायचं ठिकाण आलं असतं, निघून गेलं असतं, आणि मामा अजून “हं, तर घोडा म्हणजे” इथेच असते.

हा ‘हं’ मामांचा खास. आखूड ‘हं’ म्हणजे नाही. लांब ‘हंऽऽ’ म्हणजे तुम्ही मूर्ख आहात, पण मी ते बोलणार नाही. नाकातून आलेला ‘हं’ म्हणजे चहा चांगला झालाय. दिवसातले बहुतेक ‘हं’ लांबच असतात, कारण गिऱ्हाइकं मामांना छळायलाच जन्माला आलेली आहेत.

उदाहरणार्थ ते निवृत्त साहेब. सुनेला घेऊन आले, चादरीतून एक लांबलचक बंदूक सोडवली, आणि टेबलावर अशी ठेवली, जशी काही पाटावर नवीन नवरी. बंदूक चकाकत होती. छताच्या पंख्याची पाती तिच्यात फिरताना दिसत होती. मामांनी ती बघितली आणि त्यांचा चेहरा घरात कुणी गेल्यासारखा झाला.

“घासलीत?” मामा म्हणाले.

“म्हणजे कसं, दोन दिवस घासली!” साहेब खूश. “राख, लिंबू, आणि भांड्याची जाळी. म्हणजे कसं, तुमच्यासारख्या माणसाकडे आणायची तर कळकट कशी आणणार?”

मामांनी बंदूक उलटी केली. नळीच्या बुडाशी, जिथे करणारा आपला छाप मारतो, तिथे अंगठा फिरवला. “इथे छाप होता.”

“छाप? नाही हो, एक काळा डाग होता.” साहेब हसले. “तो निघेना म्हणून तर दोन दिवस लागले!”

“हंऽऽऽऽ.”

“बाबांचे हात सोलवटले,” सून कौतुकाने म्हणाली.

तो डाग म्हणजे बंदुकीचा जन्मदाखला होता, नाव-गाव-साल सगळं त्याच्यात होतं, आणि तो या माणसाने भांड्याच्या जाळीने खरडून मोरीत सोडला होता, हे मामांना सांगायचं होतं. दोन शब्द आत भरले, ठासले, आणि गिळून टाकले. नुसतं विचारलं, “किती जुनी म्हणता?”

“दोनशे वर्षं. म्हणजे कसं, लढाईतली आहे.”

“कुणी सांगितलं?”

“म्हणतात!”

झालं. ‘म्हणतात’ हा शब्द कानावर पडला की मामांच्या मानेची एक शीर उभी राहते. मामांच्या धंद्यात शब्द तीनच. जे डोळ्यांनी दिसलं त्याला ‘आहे’. जे दिसत नाही पण खुणा तिकडे बोट दाखवतात, त्याला ‘वाटते’. आणि उरलेल्या सगळ्या जगाला ‘म्हणतात’. पहिले दोन मामा लिहून देतात, तिसरा त्यांच्या कागदावर आजवर उमटलेला नाही. पण लोक घेऊन येतात तो नेमका तिसराच. राजाने दिली म्हणतात. वाघ मारला म्हणतात. एकाने तर शंभर वर्षांपूर्वीची म्हणून आणली, तिच्यावर अधिक चिन्हासारखी खाच असलेला कालपरवाचा स्क्रू. मामांनी स्क्रूवर बोट ठेवलं तर म्हणे, “तो पण तेव्हापासूनच आहे म्हणतात!”

खोट्या म्हातारपणाचा तर मामांना मनस्वी राग. बदमाश लोक नव्या लाकडाला चहाच्या पाण्याने काळं करतात, साखळीने ठोकून पोचे पाडतात. पण झिजवायचं कुठे ते त्यांना कळत नाही. खरी बंदूक हात लागतो तिथे झिजते, गाल टेकतो तिथे गुळगुळीत होते. खोटी सगळीकडून सारखीच म्हातारी असते. “माणूस कधी तळपायापासून टकलापर्यंत एकसारखा म्हातारा झालेला बघितलाय का?” मामा विचारतात. उत्तर द्यायला समोर कुणी नसतं, किल्लीवाला कधीच चहाला गेलेला असतो.

तर हे गिऱ्हाइकांचं झालं. पण मामांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा ‘म्हणतात’ गिऱ्हाइकाकडून आलेला नव्हता. तो त्यांच्या ताईच्या घरी, बाहेरच्या खोलीत, दारावर टांगलेला होता.

ताईच्या दारावर एक बंदूक होती. मामा दुडूदुडू चालत होते तेव्हापासून होती. आजोबांची, लढाईतली, असं ताई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. दूधवाल्याला सांगायची, मीटर बघायला येणाऱ्याला सांगायची, चुकीचा पत्ता शोधत आलेल्या माणसालासुद्धा पाणी देऊन सांगायची. मामा एवढे बंदुकांतले, पण त्यांनी ती कधी खाली काढून बघितली नाही. ताईकडे गेले की बंदुकीकडे पाठ करून बसायचे. खुर्चीसुद्धा ठरलेली. “आजोबांचा मान ठेवतो,” ताई लोकांना सांगायची. मान कसला? मामांना धंद्यात पडल्यापासून खालून एक गोष्ट दिसत होती. चापाभोवतीची ती पितळी कडी. तशी कडी कुठल्याही बंदुकीला त्यांनी बघितली नव्हती. वर बघितलं तर विचार करावा लागला असता. विचार केला तर बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा पाठ बरी.

मग शहरातल्या संग्रहालयाने घराघरांतल्या जुन्या वस्तूंसाठी एक नवीन दालन उघडायचं ठरवलं, आणि ताईने हात वर केला. संग्रहालयाच्या बाई येऊन बघून गेल्या. या बाई दर वाक्याला “अगदी, अगदी” म्हणतात, मग वाक्य कुणाचंही असो.

“आमच्या आजोबांची,” ताई म्हणाली.

“अगदी, अगदी.”

“नाव लावाल ना खाली?”

“अगदी. फक्त वयाची चिठ्ठी लागेल. मामांच्या सहीची.”

हा नियम बाईंच्या गळ्यात कुणी मारला होता? मामांनीच. मागे एकदा संग्रहालयात चहाने काळी केलेली बंदूक खरी म्हणून लागली होती, तेव्हा मामांनी तिथे जाऊन एवढा थयथयाट केला होता की यापुढे बंदूक म्हटली की मामांची चिठ्ठी, असं ठरून गेलं. आता तोच नियम उलटा फिरून मामांच्या छातीवर येऊन बसला.

“ऐकून घे,” ताईने फोन केला. “रविवारी दुपारी यायचं. चार ओळी लिहायच्या. दीडशे वर्षं जुनी आहे, आजोबांची आहे. सही. चहा. झालं.”

“ताई, बघितल्याशिवाय...”

“जन्मभर बघतोयस की!”

“तसं नाही, खाली काढून...”

“गावाच्या बंदुकांच्या कुंडल्या तुला तोंडपाठ. घरच्या बंदुकीला एक सही होत नाही?”

मामांनी फोन ठेवला आणि टेबलावरचं लोहचुंबक उगाच पेचकसाला लावून काढलं, लावून काढलं. ताईला नाही कसं म्हणायचं? आई लवकर गेली. ताईने शाळा सोडली आणि पोळपाट हातात घेतला. मामांना बंदुका दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांकडे शिकायला घातलं ते ताईने. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात “हा आवाजाला घाबरतो” म्हणून परत पाठवलं, तेव्हा मामांच्या कानात कापूस घालून त्यांना परत नेऊन बसवलं तेही ताईनेच. मोबदल्यात तिने आजवर काही मागितलं नव्हतं. आता चार ओळी मागत होती. आणि एक ‘आहे’ खोटा लिहिला की मागचे सगळे ‘आहे’ म्हणजे नुसते ‘म्हणतात’, हेही मामांना ठाऊक होतं. ताईला नाराज करा, नाहीतर जन्मभराची सही मोडीत काढा. मध्ये उभं राहायला जागाच नव्हती.

या सगळ्यात एक व्यक्ती फार मजेत होती. ताईची नात. तिला घरात पोपट म्हणतात, कारण ती ऐकेल त्याची नक्कल करते. मामांची तर अशी करते की एकदा तिने फोनवर नुसता लांब ‘हंऽऽ’ काढला आणि किल्लीवाल्याने घाईघाईने माफी मागितली.

“मामाआजोबा,” पोपटने शनिवारी खोलीवर येऊन जाहीर केलं, “आजी म्हणेल तसं तुम्ही लिहून देणार. चहा संपायच्या आत.”

“हं.” आखूड.

“लावता पैज? आजीला नाही म्हणालेला माणूस मी अजून बघितलेला नाही. तुम्ही लिहून दिलंत, तर तुमच्या हाताने एक फुगा फोडायचा. कापूस न घालता.”

मामांचे खांदे नुसत्या कल्पनेनेच वर गेले. “आणि नाही दिलं तर?”

“तुम्ही सांगा.”

मामा बराच वेळ ठासत राहिले. “तर माझी नक्कल बंद. तुझ्या परीक्षा संपेपर्यंत. तोंडातून ‘हं’ काढायचा नाही.”

“मान्य! हंऽऽ,” पोपट म्हणाली, शेवटची संधी म्हणून.

रविवारी दुपारी खोलीत ताई होती, संग्रहालयाच्या बाई होत्या, पोपट होती, आणि कपाटाला पाठ लावून मामा. ते लाकडी कपाट वडिलांच्या हातचं. वडील दारं-खिडक्या करणारे सुतार होते, कामासाठी गावोगाव जायचे. कपाटाला खणांची एक रांग, प्रत्येक खणाला पितळी मूठ, फक्त सगळ्यात खालच्याला लाकडी गोळा. कारण ती खालची मूठ मामांनी लहानपणी हरवली होती. निदान ताईने त्यांना जन्मभर हेच ऐकवलं होतं. कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की ताई म्हणायची, “मूठ हरवणाऱ्याला विचारा.”

मामा स्टुलावर चढले आणि बंदूक खाली घेतली. हातात येताच त्यांच्या भुवया जवळ आल्या. वजन चुकीच्या जागी होतं. तरी काही बोलले नाहीत. कुठलीही बंदूक आली की मामा आधी ती भरलेली नाही ना ते बघतात. लांब गज नळीत सोडायचा, तोंडाशी बोट धरून खूण करायची, मग गज बाहेर काढून नळीच्या अंगावर धरायचा. खूण बुडापर्यंत पोचली तर नळी रिकामी. अलीकडेच थांबली, तर आत काहीतरी आहे.

गज अलीकडेच थांबला. चांगला वीतभर अलीकडे.

मामा पांढरे पडले. “बाहेर व्हा. सगळे बाहेर.”

“अगदी, अगदी,” म्हणत बाई जिन्यात पोचल्यासुद्धा. पोपट दाराआड गेली आणि फटीतून बघू लागली.

“माझ्या घरातून मला बाहेर काढतोस?” ताई जागची हलली नाही.

“ताई, भरलेली आहे!”

“आजोबांनीच भरली असेल. त्यांच्या नातीवर कशी उडेल?”

मामांनी नळीचं तोंड खिडकीबाहेरच्या रिकाम्या भिंतीकडे धरलं. कपाळावरून घाम. खांदे कानाला टेकलेले. गजाच्या टोकाला स्क्रूसारखी फिरकी लावून त्यांनी आत हलकेच फिरवली, ओढली, आणि बाहेर आलेलं तळहातावर घेतलं. हुंगलं. मग विजेरी तोंडाशी धरून एक डोळा मिटला. खांदे हळूहळू खाली आले. मग आणखी खाली आले. मामा स्टुलावर बसले.

“भुसा,” ते म्हणाले. “मागे लाकडाचं बूच ठोकलंय.”

“म्हणजे?”

“ताई, ही नळी नाही. हा नळ आहे.”

“कसला नळ?”

“पाण्याचा! आतून सांधा दिसतोय उभाच्या उभा. पाण्याचा नळ कापून बसवलाय!”

दाराआडून एक चमत्कारिक आवाज आला. पोपट हसू गिळत होती. बाई आत येता येता “अग...” म्हणाल्या आणि ‘दी’ पर्यंत पोचल्याच नाहीत.

मामा आता थांबेनात. घोडा म्हणजे दाराच्या कडीचा तुकडा. घाव घालून वाकवलेला. लाकूड मात्र उत्तम, रंधा असा मारलेला की डोळे मिटून हात फिरवावा. आणि ती पितळी कडी. मामांनी बंदूक कपाटाच्या सर्वांत खालच्या खणाशी नेली, वरच्या खणाची मूठ बघितली, चापाभोवतीची कडी बघितली. परत मूठ. परत कडी. तीच नक्षी, तोच बाक.

“ही,” मामांचा आवाज चिरकला, “ही मूठ आहे! मी हरवलेली मूठ! ताई, मी मूठ हरवलेली नाही! बाबांनी ती इथे लावली! अख्खा जन्म तू मला...”

“ओरडू नकोस.”

“का नको? अख्खा जन्म!”

ताई खुर्चीवर बसली. मामांच्या ठरलेल्या खुर्चीवर, पण बंदुकीकडे तोंड करून.

“बाबा कामाला बाहेरगावी जायचे,” ती म्हणाली. “आई एकटी. मी शाळेत जाणारी, तू पाळण्यातून नुकता उतरलेला. मागच्या गल्लीत दोन घरं फुटली होती. आईला झोप लागायची नाही. मग एका सुट्टीत बाबांनी मागच्या अंगणात काहीतरी खटाटोप केला, आणि ही वर टांगली. रस्त्यावरून दिसेल अशी. आणि मला जवळ घेऊन म्हणाले, शाळेत सांग. आजोबांची आहे, लढाईतली आहे. सगळ्यांना सांग.”

“मग?”

“मग सांगितलं.”

“अगं, पण नंतर?”

“नंतर काय? ते थांब कधी म्हणालेच नाहीत.”

पण ताई म्हणजे ताईच. तिने पदराने नाक पुसलं आणि पाठ ताठ केली. “ते असू दे. तू लिही. दीडशे वर्षं.”

“काय लिहू? ताई, नळ आहे तो!”

“बाबांनी सांगितलेलं तू खोटं पाडणार?”

“मी बाबांबद्दल बोलतच नाहीये! मी नळाबद्दल बोलतोय!”

“अगदी, अगदी,” बाई मध्ये पडल्या. “आपण असं करू या का? ‘आजोबांची म्हणतात’ असं लिहू या. म्हणजे दोघांचंही...”

मामांच्या मानेची शीर उभी राहिली. पोपटने दाराआडून मामांच्या चहाच्या कपाकडे बघितलं. कपात अजून दोन घोट होते. मामा ताईकडे बघत होते, ताई मामांकडे. मग मामांनी खिशातून पेन काढलं, बंदूक मांडीवर आडवी घेतली, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागले. एकेक शब्द ठासून.

“ही बंदूक नाही. नळी पाण्याच्या नळाची आहे. घोडा दाराच्या कडीचा आहे. चापाची कडी कपाटाच्या मुठीची आहे. ती मूठ मी हरवलेली नाही.”

“हे कशाला लिहायचं?” ताई.

“आहे म्हणून! ... काम आमच्या वडिलांच्या हातचं आहे. वय, ताईपेक्षा सात...”

“माझं वय गावाला दाखवणार आहेस?”

मामांनी खोडलं. “वय, माझ्याहून दोन वर्षांनी कमी आहे. किंमत...” इथे पेन थांबलं. नळाची किंमत काय लिहिणार? भंगारवालासुद्धा तोंड वाकडं करील.

“लिही,” ताई म्हणाली. “ही टांगल्यापासून या घरात चोर शिरलेला नाही.”

“ते मी बघितलेलं नाही.”

“मी बघितलंय ना! मी इथेच होते. रोज रात्री कडी मीच लावत होते!”

मामा पुष्कळ वेळ ठासत राहिले. मग लिहिलं: ‘ही टांगल्यापासून या घरात चोर शिरलेला नाही. हे ताईने पाहिलेले आहे.’ आणि सही केली.

बाईंना तर ही चिठ्ठी आजोबांच्या लढाईपेक्षा जास्त आवडली. बंदूक न्यायला त्या हात पुढे करतच होत्या, पण ताईने ती आधीच उचलली होती. “नळ बघायला लोक येणार, आणि मी इथे कडीच्या भरवशावर झोपणार? राहू द्या. चढ रे स्टुलावर.” मामा चढले आणि बंदूक जागेवर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा चिठ्ठीची प्रत द्यायला गेले तर नवीन पेपरवाला दारात उभा, आणि ताई त्याला सांगत होती, “आजोबांची. लढाईतली.” मामांनी तिथेच पायरीवर बसून डोकं धरलं.

राहिली पैज. पोपट भांडली, भरपूर भांडली. “शेवटची ओळ आजीने सांगितली तशीच लिहिलीत! सही पण केलीत! चहा पण उरला होता! फुगा!” मामा म्हणाले, “ताई, तू सांगितलेलं लिहिलं का मी?” आजीने बाईंच्या समोर सरळ सांगितलं, “कुठे? मी दीडशे म्हणाले होते. याने एक अक्षर ऐकलं नाही माझं. मूठ हरवणारा मेला.”

म्हणजे पोपटचा पोपट झाला. आणि पोपट म्हणजे मीच. परीक्षा संपेपर्यंत मामाआजोबांचा ‘हं’ तोंडातून काढायची मला बंदी आहे, म्हणून हे सगळं लिहून काढलं. पैज तोंडाची होती, पेनाची नव्हती. काल वही मामाआजोबांना दाखवली. शेवटपर्यंत वाचली, चष्मा काढला, आणि एकच अक्षर बोलले. आखूड, लांब की नाकातून, ते मला करून दाखवता येत नाही.